आधी नाव सांगा

मार्चचा दुसरा आठवडा, दुपारचे साडेतीन. पुण्यात कर्वेनगरच्या एका गल्लीत, रिक्षा स्टँडच्या शेडखाली तीन मुली उभ्या होत्या. एकीच्या हातात दोनशे पानी वही. वहीच्या डाव्या पानावर घरांची यादी, उजव्या पानावर मुलाखतींची. डावीकडे पत्ता, भाडं, डिपॉझिट, पाणी किती वेळ येतं, दलालाचा नंबर. उजवीकडे कंपनी, तारीख आणि किती फेऱ्या झाल्या ते. दोन्ही पानांवरच्या बऱ्याच ओळी खोडलेल्या होत्या.

वही जिची, ती मिरजेची. वडील एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक, आई घरीच शिवणकाम करते. दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावी सायन्स आणि मग पुण्यात इंजिनिअरिंग. सोबतची एक हिंगोली जिल्ह्यातली, दुसरी नाशिकची. तिघी एकाच वर्गातल्या आणि गेली तीन वर्षं एकाच खोलीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या. ती जुनी इमारत आता पुनर्विकासाला गेली आहे. मालकांनी जानेवारीतच कळवलं होतं, ३१ मार्चपर्यंत खोली रिकामी करा. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनाही बिल्डरला ताबा द्यायचा होता. पण शेवटचं सत्र, प्रोजेक्टचा अहवाल, मुलाखती आणि घर, हे सगळं एकाच महिन्यात आलं.

त्यात तिचा रमजान. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. ती शाळेत जायला लागली तेव्हा तो पावसाळ्यात यायचा. २०२५ मध्ये तो २ मार्चला सुरू झाला आणि नेमका प्लेसमेंटच्या हंगामात येऊन बसला. पहाटे सहरी, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास इफ्तार, आणि मधले जवळजवळ साडेतेरा तास उन्हातून घरं बघत फिरणं.

सहरीसाठी तिला उठवायचं काम हिंगोलीच्या मैत्रिणीनं आपणहून घेतलं होतं. खोलीत गॅस ठेवायला परवानगी नव्हती, त्यामुळे विजेच्या किटलीत अंडी उकडायची, सोबत केळी, खजूर आणि रात्रीच आणून ठेवलेल्या पोळ्या. नाशिकची मैत्रीण झोपेतच विचारायची, "खाल्लंस का नीट?" आणि कूस बदलायची.

वहीतला एक शब्द

पुण्यात घर शोधणाऱ्याला दलालाचे पहिले प्रश्न तोंडपाठ असतात. किती जण? फॅमिली की बॅचलर? नोकरी की शिक्षण? व्हेज की नॉनव्हेज? आणि मग, नाव काय?

या प्रश्नांवर अडणाऱ्यांची यादी मोठी आहे. एकटे मुलगे अडतात, एकटी बाई अडते, घटस्फोटित बाई जास्त अडते. वकिलाला घर देताना मालक दोनदा विचार करतो, पत्रकाराला आणि पोलिसालाही. त्यामुळे 'आम्हालाच नाकारतात' असं कुणी एकानं म्हणावं अशी ही गोष्ट नाही. तरी वहीत एक फरक हळूहळू दिसायला लागला.

ओळ खोडली की बाजूला कारण लिहायची तिला सवय होती. 'पाणी नाही'. 'भाडं जास्त'. 'मुली नकोत'. 'फक्त फॅमिली'. मार्चच्या मध्यापर्यंत एक शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला, 'नाव'. फोनवर सगळं जुळायचं, घर बघायला कधी येता इथपर्यंत बोलणं जायचं. मग नाव विचारलं जायचं आणि पलीकडून उत्तर यायचं, "मालकांना विचारून सांगतो." तो फोन परत यायचा नाही.

हिंगोलीच्या मैत्रिणीनं नाव सांगितलं की आडनाव विचारलं जायचं, आडनावानंतर मूळ गाव आणि गावानंतर, जरा अडखळत, समाज. नाशिकच्या मैत्रिणीचं आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न यायचाच नाही. तीन वर्षं तिघी एकाच ताटात जेवल्या, एकमेकींच्या जर्नल उतरवल्या. तीन नावांची तीन वजनं असतात हे त्यांना या वहीमुळे पहिल्यांदा असं शेजारी शेजारी लिहिलेलं दिसलं.

एका ठिकाणी प्रत्यक्ष भेट झाली. घरमालक मनापासून म्हणाले, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" मिरजेची मुलगी मराठी नाही तर काय बोलणार? ती हसली आणि "थँक्यू काका" म्हणाली. त्या घराचाही फोन आला नाही.

दुसरी बाजूही वहीत आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुस्लिम वस्तीत, तिला एका दिवसात घर मिळत होतं. खाला प्रेमळ होत्या, भाडंही कमी सांगत होत्या. अट एकच, तू एकटी ये. बाकीच्या दोघी नकोत. कारण विचारलं तर उत्तर तसंच गुळमुळीत, "लोग क्या बोलेंगे". ती ओळसुद्धा तिनं खोडली आणि बाजूला तोच शब्द लिहिला, 'नाव'. या वेळी नाव मैत्रिणींचं होतं.

उजवं पान

उजव्या पानावरची गोष्ट फार वेगळी नव्हती. नावावरून अर्ज मागं पडतात का, हे आपल्याकडे मोजून पाहिलं गेलं आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक अभ्यास मांडला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. बदललं ते फक्त नाव. सवर्ण हिंदू वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. पुढं थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत असाच अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथंही सर्वांत जास्त नकार मुस्लिम नावांना मिळाले.

हे आकडे तिला ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होतं ते इतकंच, की चांगली मुलाखत आणि वाईट मुलाखत यांत फरक कसला असतो. तो तिला एकाच आठवड्यात दोनदा दिसला.

पहिल्या ठिकाणी सकाळी नऊला बोलावलं, ॲप्टिट्यूड झाली, टेक्निकल झाली. दुपारी सगळ्यांना सँडविच आणि चहा आला. तिनं पाकीट बॅगेत ठेवलं. चारच्या सुमारास एचआरची फेरी. तिथं विचारलं गेलं, "तुमच्यात मुलींना नोकरी करू देतात का? लग्न ठरलंय का? घरचे मधेच बोलावून घेणार नाहीत ना?" ती म्हणाली, "सर, मला मिरजेहून पुण्याला शिकायला घरच्यांनीच पाठवलंय." उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न तिच्याबद्दल नव्हताच. तो 'तुमच्यात'बद्दल होता, आणि 'तुमच्यात'चं उत्तर एकवीस वर्षांची मुलगी एकटी कशी देणार? ती ओळ खोडली गेली.

दुसरी मुलाखतही दुपारचीच. समोर पाण्याचा ग्लास ठेवला होता, त्याला तिनं हात लावला नाही. पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, रोजा आहे. बाई म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर सकाळची वेळ दिली असती." आणि लगेच प्रोजेक्टवर आल्या. तो एसटीच्या गाड्यांच्या देखभालीची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा होता, म्हणजे तिच्या वडिलांचंच काम. त्यावर पंधरा मिनिटं उलटसुलट प्रश्न झाले. शेवटी रात्रपाळीबद्दल विचारलं, "महिन्यातून एक आठवडा रात्रीचं काम असतं. जायला-यायला गाडी देतो. तुमची तयारी आहे का?"

हा प्रश्न कायद्यालाही धरून होता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची व्यवस्था मालकाला करावी लागते. संमती तिची; वडिलांची किंवा समाजाची नव्हे. ती म्हणाली, "जुलैपासून चालेल. रमजानमध्ये तेवढी पाळी बदलून मिळाली तर बरं होईल, त्याऐवजी दिवाळीत मी काम करीन." बाईंनी ते कागदावर टिपून घेतलं.

तू काय करशील, असं विचारलं की माणूस उत्तर देऊ शकतो. तू कोण आहेस, असं विचारून उत्तर आधीच मनात धरलेलं असेल, तर बोलायला काही उरत नाही. घराचंही असंच आहे. घरात मांस-मच्छी शिजवायची नाही, रात्री दहानंतर मोठ्या आवाजात गाणी नकोत, भाडं पाच तारखेच्या आत, या अटी कुणाला आवडतील, कुणाला नाही. पण त्या पाळता येतात, किंवा पटत नसतील तर दुसरं घर बघता येतं. जन्माची अट मात्र कुणालाच पाळून दाखवता येत नाही.

एकच नाव सांगा

वीस तारीख उलटली तरी घर नव्हतं. तेव्हा नाशिकच्या मैत्रिणीनं एक तोड काढली. "करार माझ्या एकटीच्या नावावर करू. तुम्ही दोघी नंतर या. कुणी विचारलं तर मैत्रिणी अभ्यासाला आल्यात म्हणून सांगू. एकदा राहायला लागलो की कोण बघतंय?" एका दलालानंही हाच सल्ला दिला होता, "ताई, फोनवर एकच नाव सांगत जा."

सुचवणारीच्या मनात मैत्रीशिवाय काही नव्हतं. अकरा दिवस उरले होते. अशा वेळी पुष्कळ जण हेच करतात, आणि त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार ज्याला कधी नाव सांगून घर नाकारलं गेलं नाही त्याला तरी नाही.

हिंगोलीची मैत्रीण व्यवहारी निघाली. ती म्हणाली, करारात नाव नसेल तर कायद्याच्या दृष्टीनं आपण त्या घरात नाहीच. उद्या भांडण झालं तर बाहेर निघायचं आपण, आणि काही नुकसान झालं तर जबाबदार एकटी हीच. शिवाय नोकरीचा प्रश्न आहे. रुजू होताना कंपनी पत्ता विचारते, तो तपासायला माणूस पाठवते. पगाराचं खातं उघडायला बँक पत्त्याचा पुरावा मागते. घरात लपायचं आणि कंपनीला तोच पत्ता द्यायचा, हे जमायचं कसं?

मिरजेच्या मुलीला आणखी एक गोष्ट अडत होती. रात्री आईशी फोनवर बोलणं झालं. आईला करार-बिरार काही कळत नाही. ती एवढंच म्हणाली, "छुप के रहेगी तो घर मिलके भी घर नहीं मिला, बेटा."

रोज्याचं एक वैशिष्ट्य आहे. दार लावून घोटभर पाणी प्यायलं तर जगात कुणाला कळणार नाही. तरी कुणी पीत नाही. कुणी बघत नसतानाही खरं वागायचं, याची ही महिनाभराची सवय आहे, आणि ती पोटापुरती नसून जिभेसाठीही आहे असं घरोघरी लहानपणापासून सांगितलं जातं. एकादशीचा निर्जळी उपवास करणाऱ्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दिवसभर तहान धरायची आणि संध्याकाळी घर मिळवायला खोटं बोलायचं, हे तिला जमेना. तिघींनी ठरवलं, यापुढं फोन लागला की पहिल्याच वाक्यात तिघींची पूर्ण नावं सांगायची. नाही म्हणायचं असेल त्यानं तिथंच म्हणावं. निदान रिक्षाचे पैसे वाचतील.

वारज्याच्या बाई

घर अखेर दलालाकडून नव्हे, तर वारज्यातल्या एका किराणा दुकानाच्या फळ्यावरून मिळालं. 'दोन खोल्या व स्वयंपाकघर, भाडं २१ हजार, मुलींना प्राधान्य'. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. खालच्या मजल्यावर स्वतः राहतात, वरचा फ्लॅट भाड्यानं देतात. गंमत म्हणजे त्यांच्याकडेही एक वही होती.

मागच्या भाडेकरूनं चार महिने भाडं थकवलं होतं आणि जाताना नळ तोडून ठेवले होते. तेव्हापासून बाई प्रश्न लिहून ठेवतात. रात्री किती वाजेपर्यंत येणार? मित्र येणार का? नोकरी नाही लागली तर भाडं कोण देणार? मधेच लग्न करून एक गेली तर उरलेल्या दोघी काय करणार? मांसाहार शिजवणार का?

शेवटच्या प्रश्नाला मिरजेच्या मुलीनं उत्तर दिलं, "बाई, आम्ही तिघीही खातो. तुमच्या घरात नको असेल तर शिजवणार नाही, बाहेर खाऊ. ईदला मी मिरजेला असते."

बाई थोडं थांबल्या. मग खरं तेच म्हणाल्या, "मला काही नाही. पण सोसायटीत विचारतील. दोन दिवस द्या."

इतक्या दिवसांत 'सांगतो' म्हणणारे खूप भेटले होते. आपल्याला कशाची धास्ती वाटते ते सांगणाऱ्या बाई पहिल्याच. निघताना मुलींनी त्यांना जुन्या घरमालकांचा नंबर दिला आणि म्हटलं, आम्ही कशा राहिलो ते त्यांना विचारा.

बाईंनी खरंच फोन केला. तीन वर्षांत एकदाही भाडं उशिरा नाही, भिंतीला एक खिळा नाही, आणि गावाहून परत येताना मालकांसाठी हळद आणि गूळ. एवढी माहिती मिळाल्यावर त्यांनी आपल्या वहीत काय लिहिलं ते त्यांनाच ठाऊक. सोसायटीच्या अध्यक्षांकडे मात्र त्या स्वतः गेल्या.

भीतीला कलम आहे

घरमालकाची भीती खोटी नसते. आयुष्यभराची कमाई चार भिंतींत घातलेली असते. पण त्या प्रत्येक भीतीसाठी महाराष्ट्राच्या कायद्यात काही ना काही सोय आहे, आणि ती वापरायला धर्म विचारावा लागत नाही.

भाडेकरू घर बळकावील, ही सर्वांत मोठी भीती. त्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडे अजून आहे. तो चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दरानं भरपाईही मिळते.

भाडं बुडवतील ही दुसरी भीती, तिच्यासाठी डिपॉझिट. माणूस कोण, कुठला, हे कळायला हवं. त्यासाठी पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याची पद्धत आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदानं सोसायटीला आगाऊ कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची असते. बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

खर्च किती? या घराचाच हिशोब घ्या. २१ हजार प्रमाणे अकरा महिन्यांचं भाडं २ लाख ३१ हजार. डिपॉझिट ६३ हजार. त्यावर दहा टक्के दरानं अकरा महिन्यांचं व्याज धरून येणारी रक्कम भाड्यात मिळवायची आणि एकूण रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. ते सहाशे रुपयांच्या आसपास येतं. शहरी भागात नोंदणी फी एक हजार. म्हणजे दोन्ही बाजूंचं संरक्षण साधारण सोळाशे रुपयांत. दलाल असता तर त्याला एक महिन्याचं भाडं, म्हणजे २१ हजार द्यावे लागले असते, आणि त्यात संरक्षण कसलंच नव्हतं.

मुलींच्या बाजूनं पाहिलं तर पहिलं भाडं आणि डिपॉझिट मिळून ८४ हजार, प्रत्येकीचे २८ हजार. पहिला पगार जुलैअखेरीला, पैसे मात्र मार्चमध्ये. मिरजेच्या अब्बांनी पतसंस्थेतून उचल घेतली. गावाकडच्या मुलांना शहरात घर मिळण्यातली ही अडचण नावाइतकीच मोठी आहे, आणि ती सगळ्या धर्मांत सारखी आहे.

कायद्यात सोय नाही ती एकाच गोष्टीला. राज्यघटनेचं १५ वं कलम शासनाला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते सर्वांना खुले ठेवतं. पण खासगी घरमालकाच्या रिकाम्या खोलीपर्यंत ते थेट पोचत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला होता. त्यामुळे 'नाव ऐकून नाही म्हणालो' याविरुद्ध न्यायालयात जाणं अवघड आहे. तो निर्णय दाराच्या आत उभ्या असलेल्या माणसावरच सोडलेला आहे.

आणि दाराच्या आत आपणही असतो. आपल्या गावातही कुणी माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं देतं: बँकेत बदलून आलेल्या कारकुनाला, दवाखान्यातल्या नर्सला, कॉलेजच्या पोरांना. ज्या घरातली मुलगी पुण्यात खोली शोधत फिरते, त्याच घराच्या फळीवर कधी 'फक्त अमुक समाजासाठी' असं लिहिलेलं असतं. लिहिणारा हिंदू असतो, मुसलमानही असतो. करारात नाव, वय, व्यवसाय, पत्ता लिहायला जागा असते. धर्माचा रकाना त्यात नसतो. तो आपण आपल्या हातानं काढतो.

परवा, ३० तारखेला गुढीपाडवा. चंद्र दिसला तर सोमवारी ईद. बाईंनी पाडव्याचाच दिवस धरला, चांगला मुहूर्त म्हणून. सामान फार नाही. तीन गाद्या, पुस्तकांची खोकी, एक कूलर. सकाळी टेम्पोत सामान चढवलं की मिरजेची मुलगी स्वारगेटहून एसटी पकडणार आहे, चाँदरातीला घरी पोचायला. उरलेलं सामान लावायचं काम मैत्रिणींकडे. नोकरीचं पत्र आलं आहे. अट एकच, एकही विषय मागं राहता कामा नये. शेवटच्या सत्राची परीक्षा मे महिन्यात आहे.

काल संध्याकाळी नोंदणी करणारा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बाईंच्या घरी आला होता. सव्वासहा वाजून गेले होते. बाईंनी त्याला सांगितलं, आधी हिचं घ्या, हिला रोजा सोडायचाय. त्यानं कीबोर्डवर बोटं ठेवली आणि विचारलं, "नाव?"

तिनं सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यानं टाइप केलेलं बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि वडिलांच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करायला लावलं.